बेचाळीस प्लॉट आणि भागाअक्काचं भरीत

समाधान नगरच्या चाळिसाव्या वर्धापनदिनाची स्मरणिका शनिवारी सकाळी भागाअक्काच्या हातात पडली, आणि तिसरं पान वाचून होईपर्यंत तिचा चहा पार निवून गेला.

अक्का वाचणारी बाई. वय अडुसष्ट, माहेर रावेरकडचं, शाळा सातवीपर्यंत. पण औषधाच्या डबीतला कागद, बियाण्याच्या पिशवीची मागची बाजू, लग्नपत्रिकेतली चिल्ल्यापिल्ल्यांची नावं, काही म्हणता काही सुटत नाही. यजमान कापसाच्या जिनिंगमध्ये होते, त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. ते असतानाही घरातल्या प्रत्येक कागदावर सही त्यांची असे, वाचन अक्काचं.

तर तिसरं पान. त्यावर 'आपल्या कॉलनीचा इतिहास' असा मथळा होता, आणि खाली असं:

'कॉलनीच्या मध्यभागी असलेली मोकळी जागा पूर्वी ओसाड व दुर्लक्षित होती. काही महिला तेथे काड्या वगैरे जाळत असत. कार्यकारिणीच्या अथक प्रयत्नांतून आज तेथे पेव्हर ब्लॉक, ओपन जिम व सेल्फी पॉइंट साकार झाला आहे.'

अक्काने चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. तिला राग आला की ती आधी चष्मा पुसते. कॉलनीतली जुनी माणसं तेवढ्यावरूनच दाराआड होतात. पण समोर उभी होती चारुलता, कार्यकारिणीचा अध्यक्ष कुंदन याची बायको, आणि तिला हे माहीत नव्हतं.

"हे कोणी लिवलं?"

"मीच, अक्का. शब्दमर्यादा होती, नाहीतर अजून लिहिणार होते."

"काड्या वगैरे. वगैरे मंजे काय जाळत होतो आम्ही?"

"तसं नाही, अक्का…"

"तू लगन होऊन आली तवा पूजेच्या दुसऱ्या दिवशी कुठी जेवली?"

चारुलताने नकळत मान वळवून मोकळ्या जागेकडे पाहिलं. "तिथेच. भरीत होतं."

"किती पुऱ्या खाल्ल्या?"

"आठवत नाही."

"नऊ. मीच वाढल्या. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या. ते वगैरे तुह्या पोटात गेलं, बाई."

चारुलता कॉमर्सच्या क्लासला शिकवते, उत्तराला कमी पडणारी नाही. पण नऊ पुऱ्यांचा पुरावा निघाल्यावर तिने पिशवीतून दुसरा कागद काढला. "बरं, इथे तेवढी सही करा. उद्याच्या कार्यक्रमाचं आहे. एकतीस घरांच्या झाल्यात."

अक्का तो कागदही वाचायला बसली. आणि हा कागद काय होता, हे समजायचं तर पंच्याऐंशी सालात जायला हवं.

तेव्हा पिंप्राळ्याच्या या टोकाला नगरही नव्हतं आणि समाधानही नव्हतं. कपाशीची काळीभोर जमीन होती, तीत चुन्याच्या फक्कीने आखलेले बेचाळीस चौकोन होते, आणि मधे एक मोठा चौकोन कोरा ठेवला होता. रिक्षावाले आजही 'समाधान नगर' म्हटलं की विचारात पडतात. 'बेचाळीस' म्हटलं की बरोब्बर आणून सोडतात. पावसाळ्यात ती माती एकदा चप्पल धरायची ती सोडायचीच नाही. माणसं अनवाणी मेन रोडपर्यंत जायची, कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर पिंपातल्या पाण्याने पाय धुवायची आणि तिथेच फळीवर ठेवलेले आपापले बूट चढवून कामाला जायची. टपरीवाल्याला कुणी विचारलं, अमके साहेब घरी आहेत का, की तो फळीकडे बघून सांगायचा. बूट दिसले तर साहेब घरी. कॉलनीत फोन यायला पुढे पाच वर्षं लागली. तोवर ती फळीच कॉलनीचं एक्सचेंज होती.

आणि अशाच एका नोव्हेंबरात, ज्या शेठने प्लॉट पाडले होते त्याने त्या कोऱ्या चौकोनात सोळा खुंट्या ठोकल्या. अजून चार प्लॉट. त्रेचाळीस ते शेहेचाळीस. नकाशावर 'मोकळी जागा' लिहिलेलं होतं, पण नकाशा होता शेठच्या कपाटात.

पुरुषमंडळींनी लगेच कमिटी केली. योगराज आबा त्यात लेखक. आबा शिंदखेड्याकडचे, एका कचेरीत कारकून, अक्षर मोत्यासारखं. त्यांनी सतरा अर्ज लिहिले. प्रत्येक अर्ज 'सविनय'ने सुरू व्हायचा आणि एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सविनयच जायचा. भागाअक्का, तेव्हाची भागावहिनी, एकदा ओट्यावरून म्हणाली, "भाऊ, सविनय लिवल्याने खुंटी निघत असती तर हातोडी कोणी घेतलीच नसती."

त्याच आठवड्यात तिच्या भावाने रावेरहून भरताच्या वांग्यांचं पोतं पाठवलं. मोठी, हिरवीपांढरी, एकेक वांगं तान्ह्या पोराएवढं. आता पोतंभर वांगी भाजायची कुठे? प्रत्येक अंगणात रेती आणि सळया. मोकळी जागा तेवढी मोकळी. कपाशीच्या वाळक्या काड्या भोवती हव्या तितक्या. आच धरायला जरा जाड लाकूड हवं होतं, आणि समोर बाभळीच्या सोळा खुंट्या होत्या, चांगल्या वाळलेल्या. वहिनीने त्या उपटल्या.

खड्डा खणून दिला जब्बार मिस्त्रीने. कॉलनीतली अकरा घरं तो एकाच वेळी बांधत होता. सकाळी एका घरी वीट, दुपारी दुसऱ्या घरी गिलावा. त्याने दोरी लावली, चार प्लॉटचे कोपरे जिथे मिळतात ती जागा काढली आणि म्हणाला, "भाभी, खड्डा इथे घेतो. चारीपैकी एकही प्लॉट सलग नको राहायला."

त्या हिवाळ्यात शेठने नऊ वेळा खुंट्या ठोकल्या आणि बेचाळीसने नऊ वेळा भरीत खाल्लं. वहिनीने माहेरची बडगी आणली होती. बडगी म्हणजे भरीत ठेचायची लाकडी डोणी, पाळण्याएवढी, दोन माणसांशिवाय न हलणारी. भाजलेली वांगी, मिरच्या, लसूण त्यात पडायचे आणि मुसळाचा आवाज पार मेन रोडपर्यंत जायचा. फेब्रुवारीत सरकारी साहेब जागा पाहायला आले. त्यांनी पंचनामा लिहिला, भरीत खाल्लं, मग पंचनामा पुन्हा वाचून त्यात एक ओळ वाढवली. आबांना ती ओळ आजही तोंडपाठ आहे: 'सदर जागेत रहिवासी सामूहिक स्वयंपाक करीत असून मध्यभागी चुलीची जळकी खूण दिसून आली.' सतरा अर्जांनी जे झालं नाही ते या एका ओळीने झालं. जागा वाचली.

तेव्हापासून दर हिवाळ्यात एक मोठं भरीत, आणि त्याआधी घरोघर एक कागद. वर काहीतरी मजकूर, खाली नाव, सही आणि किती माणसं. त्यावरून वांगी किती आणायची ते ठरायचं. चाळीस वर्षं बेचाळीस घरं या कागदावर डोळे मिटून सही करत आली. भरताच्या कागदात वाचण्यासारखं असतं काय?

भागाअक्काने मात्र तो वाचला.

'सदर मोकळ्या जागेचा रहिवासी कोणताही सामूहिक वापर करीत नाहीत. सबब तेथे सभागृह व सहा व्यापारी गाळे बांधण्यास आम्हा खालील सही करणारांची काहीही हरकत नाही.'

खाली एकतीस सह्या. पहिली सही मोत्यासारख्या अक्षरात.

अक्काने दुसऱ्यांदा चष्मा पुसला. "कागद राहू दे माह्याजवळ. सही उद्या करीन. जागेवर."

"पण अक्का, ह्यांनी सांगितलंय…"

"ह्यांना सांग, कागद भागाअक्काने ठेवला."

योगराज आबा ओट्यावर ऊन खात बसले होते. अक्का फाटकातून आत आली ती थेट.

"आबा, हे काय केलं?"

"काय केलं? भरताचा कागद आला, सही केली. पाच माणसं लिहिली. उद्या जावई येणार आहेत."

"वरचं वाचा."

आबांनी वाचलं. एकदा वाचलं, मग बोट लावून वाचलं. जन्मभर दुसऱ्यांचे कागद तपासलेला माणूस. सेवेत एक अनुस्वार सुटू दिला नाही. आबा एरवी पुस्तकी मराठी बोलतात, पण संतापले की थेट शिंदखेड्याला जाऊन पोचतात.

"हाई बठ्ठं खोटं शे," ते म्हणाले. "आनि खाले मनी सही शे."

"आन अध्यक्ष कोण?"

"मना पोऱ्या." आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "सतरा अर्ज लिहिले मी या जागेसाठी, वहिनी. सतरा."

"तेच म्हणते. सतरा लिवले ते सगळे वाचून लिवले. आन हा एक नई वाचला."

तेवढ्यात कुंदन आला. त्रेचाळीस वर्षांचा, ठिबकच्या नळ्यांचं दुकान, दोन फोन, स्वभावाने वाईट नाही. लहानपणी भरताच्या दिवशी वांग्याची सालं काढायचं काम त्याच्याकडे असे आणि दुसऱ्या दिवशी काळी बोटं घेऊन तो शाळेत मार खात असे. आता त्याच्या बोटात दोन अंगठ्या होत्या.

"अक्का, तो कागद द्या ना. सोमवारी जमा करायचाय."

"रहिवासी जागा वापरत नई, हे कोणी सांगितलं तुले?"

"तो मजकूर सल्लागाराने दिला. असंच लिहावं लागतं म्हणे, नाहीतर फाईल पुढे जात नाही. अक्का, हॉल झाला तर आपल्याच पोरांची लग्नं तिथे होतील."

"सहा गाळे आन हॉल काढून उरल किती?"

"पार्किंगपुरतं उरतं."

"आन उद्याचं भरीत कुठी?"

"केटरर आहे ना. यंदाच्या नव्या पेव्हरवर आग लावली तर ब्लॉक तडकतात, म्हणून तसा बोर्डच लावलाय. त्याच्याकडे सोय आहे. गॅसवर भाजतो, मिक्सरमधून काढतो. शंभर माणसांचं अर्ध्या तासात."

आबा मुलाकडे असे बघत होते, जणू हा प्रसूतिगृहात बदलला गेला असावा.

"मिक्सरमधून," अक्का म्हणाली.

"चव तीच लागते, अक्का."

"कुंदन, तू आता जाय. मी तुह्या बापासमोर काही बोललेली बरी नई."

पण बोलायचं ते राहिलंच होतं, आणि अक्का दिवसभर ते घरातल्या भांड्यांशी बोलत राहिली. राग तिला शेठचा आला नव्हता इतका या कागदाचा आला. शेठ परका होता. त्याने खुंट्या दिवसाढवळ्या ठोकल्या, खोटं असं काही लिहिलं नाही. इथे ज्यांनी त्या चुलीवर पोटं भरली त्यांनीच लिहून दिलं होतं की चूल नाही. आणि न वाचता. खोटेपणा एक वेळ समजतो. आळसाने जागा घालवायची, हे अक्काच्या डोक्यातच शिरत नव्हतं. डबा आपटत ती म्हणाली, "वांगं विकत घेताना देठ दाबून पाहतील, टिचकी मारतील. सही करताना नई पाहणार."

संध्याकाळी तिने दोन फोन केले. एक रावेरला भाच्याला, वांग्यांसाठी. दुसरा जब्बार मिस्त्रीला.

रविवारी सकाळी सातला जब्बारभाई रिक्षातून उतरले. आता चौऱ्याहत्तर वय, गुडघे गेलेले, काम सोडून आठ वर्षं झालेली. पण पिशवीत छिन्नी, हातोडी आणि तीच सुताची दोरी. आधी त्यांनी 'आग पेटविण्यास सक्त मनाई' हा बोर्ड शांतपणे वाचला. मग सात नंबरच्या कंपाउंडचा कोपरा धरला, दोरी सोडली, पावलं मोजली आणि एका ब्लॉकवर चपलेच्या टोकाने ठोका दिला.

"इथे."

"पक्कं?"

"अक्का, घर कुठे बांधलं ते मिस्त्री एखाद वेळ विसरेल. पंगतीत कुठे बसून जेवला ते विसरत नाही."

बारा ब्लॉक निघाले. त्याखालची बारीक खडी बाजूला सारली. भोवती सगळी काळी माती, आणि मधे गोल, परातीएवढी, लालभडक. काळी माती वर्षानुवर्षं भाजली की विटेसारखी लाल होते. जब्बारभाईंनी छिन्नीच्या टोकाने ठोकून पाहिलं. खणखण आवाज आला.

"ही तर पक्की वीट झाली," ते म्हणाले. "माझ्या भट्टीवाल्याने कधी इतकी चांगली दिली नाही."

मग घरी येऊन बडगी एका बाजूने उचलून अक्का दुसऱ्या बाजूला कोण येतंय याची वाट बघत होती. दुसरी बाजू उचलली गेली. चारुलता. साडी कार्यक्रमाची, पदर खोचलेला.

"काल मी स्मरणिका परत वाचली," ती म्हणाली. "सगळा इतिहास ह्यांच्या फाईलवरून लिहिला. कुणाला विचारलंच नाही."

"मंग उचल. बोलू नको, दम लागल."

दहाला कार्यक्रम सुरू व्हायचा होता. साडेनऊला काड्यांनी पेट घेतला. भाजत्या वांग्याचा वास बेचाळीस घरांच्या खिडक्यांतून आत शिरला आणि माणसं एकेक करून बाहेर आली, हातात कांद्याची पात, कुणी शेंगदाणे, कुणी तेलाची किटली. बोलावणं कुणालाच नव्हतं, वासच पुरला. योगराज आबा खुर्ची घेऊन चुलीपाशी बसले आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदाच वांग्याची सालं काढू लागले. मंडपात केटररचा माणूस मिक्सरची वायर हातात घेऊन एकटाच उभा होता. त्याला बिचाऱ्याला कुणी काही बोललं नाही. पण कुणी बघितलंही नाही, आणि ते जास्त लागलं.

कुंदन माइक सोडून आला. काढलेल्या बारा ब्लॉककडे त्याने पाहिलं, बोर्डाकडे पाहिलं, मग बापाच्या काळ्या बोटांकडे.

"अक्का, पाहुणे येतील आता. हे काय?"

"सही करायची व्हती ना जागेवर? आणला कागद." अक्काने घडी उलगडून त्याच्या हातात दिली. "आधी वाचून दाखव. माइकवर. सह्यांसकट."

"सह्या कशाला?"

"वाच."

कुंदनने वाचलं. 'कोणताही सामूहिक वापर करीत नाहीत' इथे त्याचा आवाज जरा अडखळला, कारण माइकमध्ये मागून मुसळाचा धप्प धप्प आवाज येत होता. मग 'काहीही हरकत नाही'. मग सह्या. "योगराज आबा, माणसं पाच. प्लॉट बारा, माणसं चार, पाहुणे दोन. प्लॉट एकोणीस, माणसं तीन, तिखट कमी. प्लॉट तेवीस, माणसं सहा, आईसाठी पुऱ्या मऊ…"

आधी लोक हसले. पंचविसाव्या प्लॉटपर्यंत हसू कमी झालं. तिसाव्याला कुणी हसत नव्हतं. प्रत्येक जण मनात वरच्या दोन ओळी पुन्हा म्हणून बघत होता आणि खाली आपली सही. एकोणीस नंबरवाला हळूच म्हणाला, "मला वाटलं नेहमीचा कागद आहे."

"नेहमीचाच शे," योगराज आबा चुलीपासून न उठता म्हणाले. "खाली नेहमीना शे. वर बदलना."

कुंदनने माइक बाजूला केला. "हा देता नाही येणार," तो म्हणाला. "जागा वापरत नाही म्हणायचं आणि शेजारी जेवणारी माणसं लिहायची. सल्लागार मला वेड्यात काढेल."

"सह्या खोडू का?" आबांनी विचारलं.

"खोडायची नई," अक्का म्हणाली. "एक अक्षर खोडायचं नई. आण पेन."

तिने हात पदराला पुसले, बडगीच्या काठावर कागद ठेवला आणि एकतीस सह्यांच्या खाली आपल्या सावकाश अक्षरात लिहिलं: 'भागाबाई. माणसं एक. जागा नेहमीची.' मग कागद पुढे केला. ज्यांच्या राहिल्या होत्या त्या दहाही घरांनी, यावेळी पूर्ण वाचून, तेलकट बोटांनी तेच लिहिलं. 'जागा नेहमीची.' अर्ज पार डागाळला. वितळलेल्या तुपातून काढल्यासारखा दिसू लागला. तो आता कुठल्याही टेबलावरून पुढे जाणार नव्हता, सविनय तर नाहीच.

"आता सोमवारी नेऊन दे," अक्का कुंदनला म्हणाली. "नई तर राहू दे घरी. तुह्यावर आहे. पण दुसरा लिवून आणशील तर आता बेचाळीस जण वाचतील."

कुंदनने कागदाची घडी करून खिशात ठेवली. मग अंगठ्या काढून त्याही खिशात ठेवल्या आणि बापाशेजारी उकिडवा बसून सालं काढायला लागला. अक्काने त्याला मुसळ दिलं नाही. इतक्यात नाही.

दुसरा कागद आला नाही. सल्लागाराचे दोनदा फोन आले, तिसऱ्यांदा आला तो कुंदनने उचलला नाही, असं चारुलता सांगते. तिने स्मरणिकेच्या उरलेल्या प्रतींत तिसऱ्या पानावर हाताने चिठ्ठ्या चिकटवल्या. त्यात सोळा खुंट्या आहेत, नऊ भरतं आहेत, पंचनाम्याची ओळ आहे आणि जब्बार मिस्त्रींचं नाव आहे. अक्काने चिठ्ठी चष्मा लावून वाचली आणि 'अथक प्रयत्नांतून' हे शब्द तेवढे राहिलेले दाखवले.

जानेवारीत कार्यकारिणीकडून अक्काला लेखी सूचना आली: काढलेले बारा पेव्हर ब्लॉक ही संस्थेची मालमत्ता असून ते त्वरित परत करावेत. खाली सही सचिवाची. ब्लॉक अक्काच्या ओट्यावर आहेत, दोन ओळींत मांडलेले, आणि त्यांवर धुतलेली बडगी उन्हात पडलेली असते. अक्काने ती सूचना पूर्ण वाचली, मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं, 'पुढचं भरीत: माणसं किती?' आणि पहिल्या घरी पाठवून दिली.